चमचाभर गरमी

पुंजाजी खंडारे आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी एकदाच चढले, तेही तोंडाला दुपट्टा बांधून.

हा माणूस म्हणजे दारूचा उभा वैरी. मूळ गाव भातकुली. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यांच्या बापाने घरातलं मोहाच्या दारूचं मडकं भर रस्त्यात आपटून फोडलं, ती गोष्ट ऐकतच पुंजाजी मोठे झाले. पोटासाठी अमरावतीला आले, नाल्याकाठच्या वस्तीत आशाबाईच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले, पण बाणा सुटला नाही. वस्तीत गावठीची भट्टी लागली तेव्हा बायांच्या पुढे होऊन पिंप उलटं करणारा गडी हाच. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, दारू वर्ज्य करणाऱ्या शीलाला त्यांचा आवाज असा चढायचा की पोरं फिदीफिदी हसायची. "पाचवं आलं रे, कानात बोटं घाला," म्हणायची.

मग असा माणूस त्या दुकानात गेला कशाला?

नातीसाठी.

सून माया माहेरी तेल्हाऱ्याला गेली होती. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. अकोल्याच्या दवाखान्यात पोरगी झाली, दोन तळहातांत मावेल एवढी. काचेच्या पेटीत राहिली, जगली आणि ऐन डिसेंबरात घरी आली. टिनाची खोली, फटीतून येणारा वारा. पोरीचे हातपाय निळे पडायचे, घरातल्यांचं काळीज पाणी व्हायचं. तेव्हा घरमालकीण आशाबाई म्हणाली, "काहून घाबरून राहिले बाप्पा? चमचाभर ब्रँडी पाजा सकाळ-संध्याकाळ. माह्या तिन्ही लेकरायले पाजली म्या. आंगात गरमी राह्यते, लेकरू गप झोपते."

आता इथे कुणी पुंजाजींना हसू नये. आपल्याकडे दारू वाईट आणि ब्रँडी औषध, हे शहाणपण काही एकट्या आशाबाईचं नाही. बंगलेवाल्यांच्या फ्रिजच्या दारातही छोटी बाटली उभी असते, सर्दीसाठी म्हणून. दारूबंदीच्या सभेत घसा फोडणारे घरी जाऊन तान्ह्या लेकराच्या जिभेवर तीच टेकवतात आणि रात्री निवांत झोपतात. कारण त्यांच्या लेखी ती दारू नसतेच. पुंजाजींनी दुपट्टा बांधला तो लोकलाजेने. आपलं शील मोडलं, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. घरी येऊन त्यांनी बाटली औषधांच्या फळीवर, गुटीच्या शेजारी ठेवली.

बायको चतुरा चमच्याने पाजायची आणि पुंजाजी वाटी धरायचे. थंडी सरेपर्यंत हे चाललं. पोरगी तगली, गाल आले, वाळा वाजवत अंगणभर रांगायला लागली म्हणून नाव पायल ठेवलं. साऱ्या वस्तीत गाजावाजा झाला, पुंजाभाऊनं सातव्याची पोट्टी ब्रँडीवर जगवली. चतुरा दोन वर्षांमागे वारली, ती हेच समाधान उशाशी घेऊन.

पायल आता तिसरीत आहे. दिसायला गोड, स्वभावाने गरीब, कुणी काही मागितलं तर हातातला बिस्किटाचा पुडा देऊन टाकणारी. पण शिकवलेलं टिकत नाही. आज तीनचा पाढा म्हणून दाखवते, उद्या कोरी पाटी. गुरुजी आधी ओरडले, मग समजावून थकले, आता तिला मागच्या बाकावर चित्र काढत बसू देतात. हे मागचं बाक पुंजाजींच्या जिव्हारी लागलेलं. स्वतः सातवीत शाळा सोडलेला माणूस. मुलगा संघपाल आयटीआय करून पुण्याला कंपनीत लागला. नातीसाठी त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल-खुर्ची मांडली होती. अख्ख्या वस्तीत अशी खुर्ची नाही. इतरांच्या घरात सोफा आधी येतो.

त्यात या उन्हाळ्यात घरकुल मिळालं आणि मंडळी नाल्यापलीकडे राहायला गेली. तेव्हापासून एक नवंच सुरू झालं. शाळा सुटली की पायल नव्या घरी यायचीच नाही. आशाबाईच्या मागच्या खोलीच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली सापडायची. पुंजाजी कामावरून परस्पर तिकडेच जायचे.

"पायल, घर कुठी हाय आपलं?"

"नाल्याच्या पलीकडं."

"मंग इथी काहून बसली?"

ती त्यांच्याकडे बघायची, मग त्या बंद दाराकडे बघायची. "घरी आली ना आबाजी," म्हणायची.

माया चिडायची. "मामाजी, तुमी लाड करता म्हणून असी करते. ढोंग हाय तिचं." पुंजाजी म्हणायचे, ढोंग करायला डोकं लागते बाई. आणि बोलून झाल्यावर स्वतःच चपापायचे.

पुंजाजी कामाला होते शहराबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजात. तिथल्या ॲनिमल हाऊसात पांढरे उंदीर पाळलेले असत. त्यांचा भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं, मेलेले उचलायचे. वास असा की नवा माणूस दारातूनच परत फिरेल. पुंजाजींना आता त्याचं काही वाटत नसे. उंदराला ते नाव ठेवत नसत, कारण जे शेवटी मारायचं त्याला नाव कशाला?

पावसाळा संपता संपता निंभोरकर मॅडमचा प्रयोग लागला. नुकती जन्मलेली पिल्लं, भुईमुगाच्या शेंगेएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. अर्ध्यांच्या पोटात बारीक नळीने दारू सोडायची, अर्ध्यांच्या साखरेचं पाणी. विद्यार्थ्यांचे हात थरथरत, म्हणून पिल्लू धरायचं काम पुंजाजींकडे. पहिल्याच दिवशी त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, येवढ्या बारक्या जिवाले काहून पाजता? पाजाचीच हाय त मोठ्यायले पाजा."

"उंदराचं पिल्लू कच्चंच जन्मतं, पुंजाजी," मॅडम नळीवरची नजर न काढता म्हणाल्या. "माणसाच्या बाळाचा मेंदू आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत जसा भराभर वाढतो, तसा यांचा जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वाढतो. गरोदर बाईने त्या महिन्यांत दारू घेतली तर लेकराच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, ते यांच्यावरून कळतं. मोठे झाले की शिकतात कसे ते बघायचं."

पुंजाजींच्या मुठीतलं पिल्लू वळवळलं. शेवटचे महिने, पोटात. पायलचे शेवटचे महिने पोटात गेलेच नव्हते. ते गेले होते आशाबाईच्या टिनाखाली, वाटी-चमच्यापुढे.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "समजा लेकरू सातव्यातच भाईर आलं, अन् मंग पाजली त?"

मॅडमना हसू आलं. "बाहेर आलेल्या तान्ह्याला दारू कोण पाजेल हो?"

पुंजाजींनी पिल्लू कापसावर ठेवलं. ते गप झोपलं.

त्या दिवसापासून माणूस आतून पोखरला गेला. सांगणार कुणाला? माया ऐकती तर काय म्हणती? संघपालला फोनवर काय सांगायचं, तुझ्या पोरीला मी काय केलं? चतुरा असती तर दोघं मिळून रडले असते. तीही नव्हती. विहारात पाचव्या शीलाला आवाज चढेना. पोरं म्हणाली, भाऊची बॅटरी उतरली.

प्रयोगाचा पुढचा भाग त्यांना आधीच्या प्रयोगांवरून ठाऊक होता. मोठा गोल हौद, त्यात दुधाची पावडर कालवून गढूळ केलेलं पाणी. पाण्याखाली, वरून दिसणार नाही असा एक छोटा पाट. भिंतीला चित्रं लावलेली, त्या खुणांवरून उंदराने पाट शोधायचा. चांगला उंदीर थोड्याच खेपांत सरळ पाटाकडे पोहतो. दारू पाजलेला भिंत धरून गोल गोल फिरत राहतो. पूर्वी पुंजाजी ते बघून हसायचे. "हे आपल्या वस्तीतलं दिसते," म्हणायचे.

आता त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. उंदीर शिकत नाही, कारण त्याला मोजक्याच खेपा मिळतात. गुरुजीसुद्धा चाळीस पोरांत पायलला किती वेळ देणार? पण कुणी एकाच्या मागे हात धुऊन लागलं तर? मेंदू काही दगड नाही. हा उंदीर शिकला, तर पायलही शिकेल.

त्यांनी दारूवाल्या गटातला एक उंदीर हेरला. ओळखीसाठी त्याच्या पाठीवर पिवळा पट्टा ओढलेला. पुंजाजींनी त्याला नाव दिलं, पट्टी. उंदराला दिलेलं हे त्यांचं पहिलं नाव.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. कॉलेज ओस, पण जनावरांना सुट्टी नसते, त्यामुळे किल्ली पुंजाजींकडे. रोज सकाळी दाणापाणी झालं की ते हौद भरायचे आणि पट्टीला पाण्यात सोडायचे. पट्टी भिंतीला चिकटून फिरत राहायचा, दमायचा, नाकापर्यंत बुडायचा. पुंजाजी हाताने त्याला पाटाकडे वळवायचे. "इकडे रे बाप्पा. भितीत काय ठेवलं हाय? इकडे." टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायचे, धाप बसली की पुन्हा पाण्यात. दुपारी हेच पायलबरोबर. तीनचा पाढा, मग शाळेच्या फाटकापासून निघून पूल ओलांडून नव्या घरापर्यंतची वाट. पुढे पायल, मागे आबाजी. चुकली की परत फाटकापासून. पायल कुरकुरायची नाही. पट्टीही नाही. दोघांचं ते एक चांगलं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी पट्टीने पाण्यात पडल्या पडल्या तोंड वळवलं आणि बाण सुटावा तसा पाटावर जाऊन उभा राहिला, अंग झटकून मिशा पुसायला लागला. पुंजाजींना आधी खरंच वाटेना. पुन्हा सोडला, तर पुन्हा सरळ. त्या रिकाम्या कॉलेजात त्यांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्याला दुपट्टा लावला. त्याच दुपारी पायल फाटकापासून घरापर्यंत एकदाही न थबकता आली आणि ओट्यावर उभी राहून तीनचा पाढा तीसपर्यंत म्हणाली. माया शेव तळत होती, झारा तसाच कढईत सोडून तिने पोरीला कवटाळलं. "मामाजी, तुमच्या हाताले यश हाय," म्हणाली. त्या घरात तसा दिवस पुन्हा आला नाही.

कॉलेज उघडलं, चाचणी लागली. हौदाच्या वर कॅमेरा, टेबलावर पडदा. चांगल्या गटातले उंदीरही पहिल्या खेपेला चाचपडत होते. पट्टीची पाळी आली. पाण्यात पडला आणि तडक पाटावर. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुंजाजींची छाती फुगली, लपता लपेना.

निंभोरकर मॅडम मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, बाही सारून त्यांनी पाट उचलला आणि हौदाच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवला. "सोडा पुन्हा," म्हणाल्या.

पट्टी जुन्या जागी गेला. पाट नव्हता. तिथेच घिरटी घातली, पुन्हा घातली. जराही बाजूला सरकेना. जणू पाट तिथेच असणार, आपणच नीट शोधत नाही, असं त्याला वाटत असावं. पाय जड झाले, नाक पाण्याला लागलं, तरी तो तिथेच.

"काढू का मॅडम?" पुंजाजी हौदावर वाकले.

"थांबा."

वेळेची घंटी वाजली तेव्हा त्यांनी त्याला उचललं. टॉवेलात तो लटलट कापत होता. विद्यार्थी बाहेर पाठवून मॅडम म्हणाल्या, "पुंजाजी, याला कोणी पोहवलं?"

पुंजाजी खोटं बोलणारा माणूस नव्हे. सगळं ओकले. दिवाळी, हौद, पायल, सातवा महिना, वाटी, चमचा. मॅडम खुर्चीवर बसल्या. त्या हसल्या होत्या, तो दिवस त्यांना आठवला असावा.

"माह्या पायलचं थ्यानंच झालं का?" पुंजाजींनी विचारलं.

"सांगता येणार नाही. इतक्या लवकर जन्मलेली मुलं तशीही मागे पडू शकतात. पण पाजली नसती तर बरं झालं असतं, एवढं नक्की."

"अन् आता?"

"सरावाने थोडंफार येतं. तुम्ही आणलंतच ना. पण जग रोज पाट हलवतं, पुंजाजी. दर वेळी नव्याने शिकवावं लागेल."

"किती दिवस?"

मॅडमनी पडदा बंद केला. म्हणाल्या, "ही सगळी बॅच आता बाद. तुम्ही म्हणता एकच उंदीर पोहवला, माझा विश्वास आहे. पण असं काम मला कुठे दाखवता येणार नाही. सगळे मारावे लागतील. नवी पिल्लं घ्यावी लागतील आणि त्यांना पुन्हा पाजावी लागेल."

म्हणजे झालं काय? एका मुक्या जिवाला शिकवायला गेला, त्यापायी अख्ख्या नव्या वेताच्या पोटात नळी जाणार. गरिबाचं भलं करणंसुद्धा असं उलटून अंगावर येतं. मॅडमनी नोकरी काढली नाही, वर तक्रारही केली नाही. त्या बाईचे उपकार म्हणायचे, की पिल्लं धरायला दुसरा हात नव्हता म्हणायचं, ज्याचं त्याने ठरवावं. पट्टीला शेवटी पुंजाजींनीच मारायला मॅडमच्या हाती दिलं. त्यांच्या हातातून तो दुसऱ्या कुणाकडे जाईना.

त्याच आठवड्यात नाल्यावरचा पूल दुरुस्तीला बंद झाला. पलीकडे जायला खालच्या अंगाने दुसरी वाट होती. मायाने पायलला नीट समजावून सांगितलं, सकाळी त्या वाटेने नेऊनही दाखवलं. संध्याकाळी पोरगी घरी नाही. पुंजाजींना शोधावं लागलंच नाही. पायरीवर होती, दप्तर मांडीवर.

पण दार आज उघडं होतं. आशाबाईची लेक चंदा बाळंतपणाला आली होती, तिला मागची खोली दिलेली. बाळ आठवड्याचं, किडकिडीत. केविलवाणं रडत होतं. आशाबाईच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा. फळीवर गुटीशेजारी बाटली.

पुंजाजी चपलेसकट आत शिरले. "आशाबाई, ठेव थे खाली."

"काहून वं माय, काय झालं याले?" आशाबाई लेकीला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "पुंजाभाऊ, बाळंतिणीची खोली हाय. आंघोळ करून आले का तरी? उंदरायचा वास येऊन राहिला."

"थे दारू हाय. लेकराचं डोकस्कं जाते थ्यानं."

"ऐका! सातव्याची पोट्टी कोणी जगवली ब्रँडीवर? म्या का तुमी? साऱ्या वस्तीले सांगत कोण फिरे?" आशाबाईने चमच्याने दाराकडे खूण केली. "थे पाहा, उभी हाय तुमची नात. गुटगुटीत. कोण म्हणन सातव्याची हाय म्हणून?"

पायल दारात उभी होती. आपल्याविषयी काहीतरी चांगलं चाललंय असं वाटून हसत होती.

पुंजाजींना कळलं, हे लेकरू वाचवायचं तर एकच गोष्ट बोलावी लागेल. आणि ती पायलच्या तोंडावर बोलावी लागेल.

"हे शिकत नाई," ते म्हणाले. "माही पायल शिकत नाई आशाबाई. म्या पाजली म्हणून. तिचं डोकं म्या नासवलं."

बाळ रडतच राहिलं. चंदाने पदराआडून आईकडे बघितलं. पायलचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

आशाबाईला गप्प बसणं ठाऊक नाही. "नाई शिकत त नाई शिकत," ती म्हणाली. "पोट्टीची जात. उद्या लगन करून देजा. जगली हे काय कमी हाय?"

पुंजाजींनी फळीवरची बाटली उचलली आणि मोरीत रिकामी केली. आशाबाई ओरडली नाही. उलट कीव आल्यासारखी म्हणाली, "फेका. जवाई येऊन राहिला उद्या, दुसरी आणन थो." आणि लेकीला ऐकू जाईल असं पुटपुटली, "चतुरा गेल्यापासून डोकं फिरलं बिचाऱ्याचं."

नाल्याच्या खालच्या वाटेने दोघं निघाली. पायल आज पुढे चालली नाही, मागे राहिली. बऱ्याच अंतराने तिने विचारलं, "आबाजी, म्या काय पिली होती?"

"औषध," पुंजाजी म्हणाले. दुसरा शब्दच त्यांना सापडेना.

वस्तीत बातमी त्यांच्या आधी पोहोचते. माया दारात उभी होती. तिने ताट वाढलं, पोरीला पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हापासून ती त्यांना मामाजी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. ताट मात्र वाढते. टेबल-खुर्ची तिने ओट्यावर काढून ठेवली, त्यावर आता पाण्याचा माठ असतो.

कॉलेजात उंदरीण व्याली. नवी पिल्लं आली, शेंगेएवढी. मॅडमनी नळी हातात घेतली. पुंजाजींनी पिल्लू धरलं. पुण्याहून संघपालचे पैसे वेळेवर येत नाहीत, घर या हातांवर चालतं, आणि हात नाही म्हणू शकले नाहीत.

संध्याकाळी ते परस्पर जुन्या घराकडे वळले. आता ते पायलला तिथे बसण्यावरून काही विचारत नाहीत. पायल पायरीवरच होती. मागचं दार लोटलेलं, आतून कशाचाच आवाज नव्हता. रडण्याचाही नाही.

"पायल," त्यांनी हाक मारली.

तिने ओठांवर बोट ठेवलं. आपल्याला काहीतरी नीट कळलंय, या आनंदात तिचा चेहरा उजळला होता.

"हळू बोला आबाजी," ती कुजबुजली. "बाळ झोपलं."